राहून गेलेलं 'टक्'

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा. एका दुकानाच्या दारावर उंच शिडी लावली आहे असं समजा. वर पाट्या रंगवणारा बाप, खाली शिडी धरून त्याची मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. वरच्याला खाली वाकून बघता येत नाही, म्हणून तो ब्रशच्या दांड्याने शिडीवर 'टक् टक्' करतो. खालच्याने एकदाच 'टक्' करायचं. म्हणजे, "आहे मी."

सकाळी वरून टक् टक् झालं तेव्हा भिंगरी कोपऱ्यावर कुत्र्याची पिल्लं बघत होती. उत्तर येईना म्हणून बाबा वळले आणि शिडी सरकली.

आता ते घरी उशीवर पाय ठेवून बसले होते. घोटा टम्म सुजला होता आणि आई कडाडत होती.

"एकटे चढलात? मी हातातलं शिवण टाकून आले नसते? पण नाही, यांना घाई!"

"चढलो एकटा. आता काय फासावर देतेस?"

"जीभ मात्र शाबूत राहिली!"

"तीही मोडायला हवी होती का?"

आई पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांनी भिंगरीचं नाव काढलंच नव्हतं. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

ती आईमागे गेली. आई फडक्यात बर्फ बांधत होती, पण गाठ काही केल्या बसेना. "डोक्यावर पडले असते म्हणजे?" ती ओट्याशीच पुटपुटली. त्या आवाजात राग औषधालाही नव्हता.

बाहेरून बाबांचं हळूच बोलणं ऐकू आलं, भिंतीशीच. "आता महिनाभर हिनं एकटीनंच शिवत राबायचं. आणि मी बसून खायचं."

म्हणजे एक घाबरलं होतं, एक शरमलं होतं. भांडण तेवढं दोघांचं होतं, आणि त्याचं मूळ भिंगरीपाशी.

तिने कोपऱ्यातला ब्रश उचलला आणि मधल्या दाराच्या चौकटीवर दांडा आपटला. एकदाच. टक्.

आई वळली. बाबांनीही मान वळवली.

"शिडी मी सोडली होती," भिंगरी म्हणाली, आणि आईजवळ जाऊन त्या न बसणाऱ्या गाठीवर तिने आपलं बोट घट्ट दाबून धरलं.