हॅलो, किचन बोलतंय!

मी एक जुना टॅब आहे. हो, जुना! काचेच्या कोपऱ्यात तडा, पाठीवर हळदीचा डाग, आणि चार्जरची वायर जरा वाकडी धरली तरच जीव धरणारा. पण मित्रांनो, हे मी रडत सांगत नाहीये. पोह्यांच्या डब्याला टेकून का होईना, छाती पुढे काढून सांगतोय.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझी हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती, सगळी सारखी, सगळी चकचकीत. मी मात्र अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या या घरात आलो आणि वेगळा झालो. प्रतापने मला सेलमध्ये घेतलं तेव्हा त्याची आन्या दुसरीत होती. पहिल्याच आठवड्यात तिने मला फरशीवर आपटलं. तडा तेव्हाचा. लोक लढाईतल्या जखमा दाखवतात ना, तसा मी तो दाखवतो.

मग नंदाने, म्हणजे आन्याच्या आईने, मला स्वयंपाकघरात नेलं. व्हिसामुळे तेव्हा तिला नोकरी करता येत नव्हती. प्रताप ऑफिसात, आन्या शाळेत, बाहेर उंच उंच झाडं आणि पाऊस. बोलायला कुणी नाही. एकदा रेसिपी शोधता शोधता तिला पार दुसऱ्या टोकाच्या, वॉशिंग्टन शहराजवळच्या हर्नडनची शुभा भेटली, मग कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोची प्रतिमा, मग आणखी काही जणी. ग्रुप तयार झाला. नाव ठेवलं ‘चहा टाकलाय’.

काय काय चालायचं माझ्यावर! कुणाच्या मुलाला ब्रेसेस लागल्या, कुणाची पुरणपोळी फुटली, कुणाच्या अंगणात हरणाने मेथी खाल्ली. वाढदिवसाला तीन स्वयंपाकघरांत तीन केक एकदम कापायचे. आणि कुणी भारतात निघालं की सगळ्यांचीच प्रश्नांची सरबत्ती. परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग होईल ना? पुढचं कनेक्टिंग विमान मिळेल ना? आईबाबा एकटे येताहेत, कुणाची सोबत आहे का? यातल्या कुणीही एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

प्रताप हसायचा. “झालं का गं तुझ्या पडद्यातल्या मैत्रिणींचं? आज काय ब्रेकिंग न्यूज? कुणाचं दूध उतू गेलं?”

“शुभाच्या तिळाच्या वड्या दगड झाल्यात,” नंदा म्हणायची. “तू हस. मला त्या खऱ्याच वाटतात.”

नागपूरची शोभाआजी, नंदाची आई, रोज व्हिडिओ कॉल करायची तो मलाच. तिच्या फोनमध्ये माझं नाव ‘किचन’ असं आहे. एखादे वेळी ग्रुपचा कॉल चालू असला की नंदा तिलाही त्यात घ्यायची, आणि आजी सगळ्या जणींना बिनदिक्कत रागवायची.

यंदा आजी पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला यायला निघाली आणि ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. सगळ्यांचं एकच म्हणणं, विमानतळावर व्हीलचेअर मागून ठेव. चालता येत असलं तरी मागायची. ढकलणारा माणूस सोबत असतो, रांगा नाहीत, इंग्रजीची भानगड नाही. आपल्याकडे सगळेच आईवडील तसेच येतात. प्रतापने लगेच बुक केली.

आजी भडकली. “रोज फुटाळा तलावाला फेऱ्या मारते मी! मला खुर्चीत बसवून ढकलत नेणार? मी काय पार्सल आहे?”

आता चांगली उंच झालेली आन्या माझ्यासमोर उभी होती. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, “आजी, तुला नको ना? मग मी कॅन्सल करते.” आणि केली! माझ्याच काचेवर बोट टेकवून. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता ऐका. शनिवारची सकाळ. बॉथेलमध्ये वारा असा सुटला की झाडं वाकून जमिनीला टेकायला आली. नंदा आणि प्रताप आजीसाठी गादी आणायला गेले आणि रस्त्यावर झाड आडवं पडून गाडीतच अडकले. घरात आन्या एकटी. तेवढ्यात मी वाजलो.

“हॅलो, किचन?” आजीचं कपाळ दिसलं. फक्त कपाळ. “अगं, मी वॉशिंग्टनला उतरले. पण इथे बोर्डावर सगळं लाल होऊन राहिलं. सिएटलचं विमान कॅन्सल म्हणे. वाऱ्यामुळे. सगळे पळून राहिलेत, मला कुणी काही सांगत नाही.”

“आजी, तू ठीक आहेस ना?”

“मला काय धाड भरली? चहा तेवढा बेकार आहे इथला.” पण तिचा आवाज बारीक झाला होता. मला कळलं. इतकी वर्षं ऐकतोय मी तो.

आन्याने आपल्या फोनवरून बाबांना लावलं. प्रतापचा पहिला प्रश्न, “व्हीलचेअर कुणी कॅन्सल केली? आज कुणीतरी सोबत असतं ना त्यांच्या!”

आन्याचा चेहरा पांढरा पडला. पण मान खाली गेली नाही. “मी केली, बाबा. आजीने सांगितलं म्हणून. आता सोबत पण मीच शोधते.”

एका हाताने माझी वायर वाकवून धरून तिने ‘चहा टाकलाय’ उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथे तिचा आवाज गेला. अडखळत, पण मराठीत. “शुभा मावशी, मी नंदाची आन्या. आजी डलसला, वॉशिंग्टनच्या एअरपोर्टवर अडकलीय. तुमच्या हर्नडनपासून जवळ आहे ना? तुम्ही जाल का प्लीज?”

उत्तर आलं एका शब्दाचं. “निघाले.”

पाठोपाठ प्रतिमा काकू म्हणाली, “एअरलाइनला मी फोन लावते. तास तास होल्डवर ठेवतात, ठेवू देत. मी भाजी निवडते तोवर. आन्या, तिकिटाचा फोटो टाक गं.”

मी पाहत होतो. वायर जरा हलली की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. आन्याचं बोट वाकून लाल झालं, पण तिने वायर सोडली नाही. मीही ठरवलं, आज विझायचं नाही. मला बनवणाऱ्यांनी माझे अपडेट केव्हाच बंद केलेत. करू देत! विझायचं केव्हा ते त्यांनी ठरवायचं नाही.

आन्याने एकेक पाटी दाखवायला लावत आजीला बाहेरच्या दारापर्यंत आणलं. अखेर माझ्या पडद्यावर आजीच्या शेजारी दुसरा चेहरा दिसला. धापा टाकणारा.

“काकू, मी शुभा. चला घरी.”

आजीने बॅग घट्ट धरली. “कशावरून तू शुभा? अशी कुणाही सोबत जाणाऱ्यातली नाही मी.”

मी दम धरला. काय दाखवणार ती? आजीने तिला कधी समोर पाहिलेलं नाही, आणि पडद्यावरचा चेहरा असायचा शिक्क्याएवढा.

शुभा हसली. “संक्रांतीला माझ्या वड्या दगड झाल्या, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, ‘बाई, गूळ तापवलास की भाजलास?’”

आजीचा हात बॅगेवरून सुटला. “अगं बाई! तीच तू! चल. आणि घरात तीळ आहेत का?”

दूध उतू जाण्याच्या, वड्या बिघडण्याच्या, प्रतापला हसू येणाऱ्या त्या बातम्या. मित्रांनो, ओळखपत्र म्हणून त्याच चालल्या!

त्या संध्याकाळी हर्नडनहून फोटो आला. शुभाच्या ओट्यावर मऊसूत वड्या, आजी कमरेवर हात ठेवून उभी. दुसऱ्या दिवशी प्रतिमा काकूने मिळवलेल्या तिकिटावर ती सिएटलला उतरली आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली.

घरी आल्यावर प्रतापने नवा टॅब दाखवला. “आई, बघा केवढा मोठा स्क्रीन!”

“मग हा कुठे निघाला?” आजीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी खोक्यात होतो. रिसायकलच्या.

“जुना झालाय हो तो.”

“जुनी तर मी पण झाले. मला कोणत्या खोक्यात टाकता, जावईबापू?”

आन्या इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि मी पुन्हा पोह्यांच्या डब्याला टेकलो.

मित्रांनो, “मला सांभाळा हो” अशी विनवणी मी करणार नाही. ज्याला हात लागतो ते चालतं, एवढंच सांगतो. वस्तू असो, माणूस असो, की कधीच न भेटलेली मैत्रीण असो. आधी हात लावून बघा आणि मगच जुनं म्हणा. म्हणालातच, तर मी वाद घालायला तयार आहे!

काल मी वाजलो तेव्हा नंदाचे हात कणकेत होते. प्रताप उठला. त्याने माझी वायर शोधली, वाकवली आणि नीट धरून ठेवली.

“हॅलो, शुभाताई? हां, किचन बोलतंय. सांगा, आज काय उतू गेलं?”