जेवायचं कुठं

प्रेरणाने घडी घातलेली जांभळी साडी पलंगावरून उचलली, बॅगेत कोंबली आणि बॅगेची चेन एका झटक्यात ओढली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

अमर आरशासमोर उभा होता. कंपनीने सगळ्या दुकानदारांना एकसारखे फुलाफुलांचे शर्ट वाटले होते आणि त्याचा शर्ट पोटावर जरा ताणला जात होता. वरचं बटण लावावं की नाही या विचारात असलेले त्याचे हात गळ्याशीच थांबले.

"येत नाही म्हंजे? मंग जेवाचं कुठं?"

"कुठंई. जेवाच्या हॉलमंधी जेवू. नाही तं गेटच्या बाहीर एक बाई मासोळ्या तळून देते, तिथं जेवू. पन त्या सलील सरच्या टेबलावर मी बसत नाही."

"अवं, आपलं नाव हाये त्या टेबलावर. मले बक्षिसाले स्टेजवर बोलावनार हायेत."

"तुमचं नाव हाये नं? तुमी बसा."

खोलीच्या काचेतून समोरची वाळू दिसत होती. नारळाच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि पांढरे कपडे घातलेली पोरं गोल टेबलांवर ग्लास मांडत होती. अंदमानातल्या या बेटावर दिवस फार लवकर मावळतो, याचं नवल दोन दिवस झाले तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या मंडळींचं संपत नव्हतं. त्यांच्यात दिग्रसचे होते, वणीचे होते, पुसदचे होते, उमरखेडचे होते. ज्यांनी वर्षभरात कंपनीचं फवारणीचं औषध सगळ्यांत जास्त विकलं, त्या कृषी केंद्रवाल्यांना कंपनीने जोडीने समुद्र दाखवायला आणलं होतं. माणसं समुद्रात गुडघ्यापर्यंत जात, फोटो काढत आणि जेवताना हॉटेलच्या गोड्या डाळीवर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरत. तीच चटणी आज सकाळी प्रेरणानेही हसत हसत सगळ्यांना वाटली होती.

दुपारी मात्र तिचं हसणं संपलं. पोहण्याच्या तलावाकाठी खुर्च्या टाकून सगळे बसले होते. बोलता बोलता गोष्ट यंदाच्या फवारणीवर आली. आपल्या जिल्ह्यात किती माणसं दवाखान्यात पडली, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. पण इथवर येऊन कोणी तो विषय काढला नव्हता. वणीच्या एकाने काढला, तसा सलील सरांनी हातातला ग्लास खाली ठेवला. ते कंपनीचे विभागीय साहेब. पुण्याचे, गोरेगोमटे, बोलायला गोड.

"खरं सांगू का? ते लोक तोंडाला साधा रुमाल बांधत नाहीत," ते म्हणाले. "बनियनवर फवारतात, त्याच हातांनी तंबाखू मळतात. यात औषधाचा काय दोष?"

आणि अमर म्हणाला, "बरोबर हाये सर."

सगळ्यांत आधी तो म्हणाला. नंतर बाकीच्यांनी माना हलवल्या. प्रेरणाच्या तळपायाची आग तेव्हा जी मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती.

कारण त्या लोकांतला एक तिचा बाप होता. मारोतराव, उमरखेडकडचे, पैनगंगेच्या काठी त्यांचं शेत. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडात अळी शिरली होती. भाद्रपदात ते दिग्रसला लेकीकडे आले, तेव्हा चहा पिता पिता जावयाला म्हणाले, अळी आवरत नाही बापू. अमरने दुकानातून दोन बाटल्या आणून दिल्या. "दोन्ही एकाच पंपात मिसळा मामा, एकाच फवाऱ्यात काम होते." असं मिसळायचं बाटलीवर कुठं लिहिलेलं नव्हतं. सलील सरांनी मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं होतं, म्हणून अमरने सांगितलं. प्रेरणा तेव्हा कपबशा उचलत होती. तिने ते आपल्या कानांनी ऐकलं होतं.

रोजाने फवारणारे त्या आठवड्यात मिळेनात, म्हणून मारोतरावांनी स्वतःच पंप पाठीवर घेतला. संध्याकाळी ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवे पडलेले सापडले. यवतमाळच्या दवाखान्यातून जिवंत परत आले, हेच नशीब. पण एक डोळा गेला आणि दुसऱ्याला माणसाची नुसती सावली दिसते.

दवाखान्यात कृषी खात्याचे साहेब चौकशीला आले होते. औषध कोणत्या दुकानातून घेतलं, असं त्यांनी विचारलं. मारोतरावांच्या डोळ्यांवर पट्टी होती. ते म्हणाले, "बजारातून आनलं साहेब. दुकान काही आठवत नाही." साहेबांनी आपला नंबर प्रेरणाच्या आईच्या, इंदूबाईंच्या फोनमध्ये घालून दिला आणि आठवलं तर सांगा म्हणाले. अमर खाटेच्या उशाशी उभा होता. त्याच्या हातात सासऱ्यासाठी आणलेलं नारळपाणी होतं. त्याने चमचा घेतला आणि ते नारळपाणी ढवळत राहिला. नारळपाण्यात ढवळण्यासारखं काय असतं?

त्यावर नवराबायकोत पुन्हा कधी शब्द निघाला नाही. या सहलीला यायचंही प्रेरणाच्या मनात नव्हतं. पण बापानेच फोनवर लकडा लावला. जा, समुद्र पाहून ये. आमच्यातल्या कोनी पाह्यला नाही.

"चला नं आता," अमर म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "दोन घास खाऊ अन् परत येऊ. लोक काय म्हनतीन?"

प्रेरणाने ओढणी खांद्यावर टाकली, चपला पायात सरकवल्या आणि ती दार उघडून बाहेर पडली. अमर मागोमाग आला.

फरसबंद वाटेवर समोरून सलील सर आणि त्यांची बायको अनघा येत होते. अनघाने केसांत पांढरं फूल माळलं होतं.

"अगं, तू अजून तयार नाही झालीस?" अनघा म्हणाली. "जांभळी साडी नेसणार होतीस ना?"

"मी पार्टीले येत नाही."

"असं कसं वहिनी?" सलील सर हसले. "आज तुमच्या मिस्टरांचा दिवस आहे. तुम्ही शेजारी पाहिजेतच."

"सर, तुमी दुपारी म्हनलं नं, ते लोक रुमाल बांधत नाही?" प्रेरणा म्हणाली. ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "माह्या बाबानं बांधलता रुमाल. माह्या आईनं बांधून देल्लता, नाकावरून. तरी त्याइचा डोया गेला."

अनघाचा हात आपोआप तोंडाशी गेला. सलील सरांनी अमरकडे पाहिलं.

"अरे! अमर, तू कधी बोलला नाहीस." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्यासारखं काहीतरी उमटलं. मग ते जरा पुढे झाले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आपलं औषध नव्हतं ना?"

प्रेरणा नवऱ्याकडे वळली. समुद्राचा आवाज येत होता. कुठूनतरी भाजल्या कोंबडीचा वास येत होता. ती थांबली. 'होतं' एवढा एक शब्द हा माणूस बोलला, तर मी आत्ता मागे जाईन, साडी नेसेन, त्याच्या शेजारी बसेन, असं तिला वाटलं.

अमरने आपल्या नव्या सँडलकडे पाहिलं.

"नाही सर," तो म्हणाला.

"बरं. मग बोलू आपण निवांत, जेवताना," सलील सर म्हणाले. "या वहिनी."

"जेवताना?" प्रेरणा म्हणाली. "तुमीच जेवा."

आणि ती गेटाच्या दिशेने चालू लागली. अमरने मागून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली चार टेबलं होती. चूल सांभाळणारी बंगाली बाई तिला पाहून म्हणाली, "अकेले हो दीदी? मच्छी खाओगे?" प्रेरणाने मान हलवली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यावर तिला कळलं की आपले दात इतका वेळ एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. जबडा दुखत होता.

रिसॉर्टमध्ये फोनला रेंज नसायची. इथं रस्त्यावर आली आणि फोन वाजला. आईच्या नंबरावरून बाबा होते.

"प्रेरणा? झाला का कार्यक्रम? भेटलं का बक्षीस जवाईबापूले?"

"सुरू असन."

"असन? तू कुठं हायेस मंग?"

"मी बाहीर जेवाले आली. एकटीच."

पलीकडे टीव्ही चालू होता. मग कोणीतरी तो बंद केला.

"भांडन झालं का?"

"बाबा," ती म्हणाली, "तुमाले दुकान आठवत होतं."

"कोनतं दुकान?"

"आता मले नका बनवू. साहेब आलता तवा. आठवत होतं का नाही?"

"आठवत होतं," मारोतराव म्हणाले.

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुह्या घरावर आलं असतं बाई. दुकान बंद पडलं असतं. तू पोरगी घेऊन कुठं गेली असती?"

"मी आलती का तुमच्यापाशी, माहं घर वाचवा म्हनत?" ती इतक्या जोरात ओरडली की चुलीपाशी बसलेली बाई वळून पाहू लागली. "तुमी तिकडं अंधारात बसले, अन् हा इकडं फुलाइचा शर्ट घालून बक्षीस घेऊन राह्यला! आता बी साहेबानं इचारलं त्याले, आपलं औषध नव्हतं नं? नाही म्हने. तुमी एकडाव खोटं बोलले बाबा. तेवढ्यावर त्याचं सारं चालून राह्यलं. मले त्याच्या समोर घास गिळवत नाही. तुमी केलं हे. त्यानं बी केलं, अन् तुमी बी केलं."

ती दमली. बापाशी ती जन्मात अशी बोलली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडणं नव्हतं. तिने ते मनगटाने पुसून टाकलं.

मारोतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "काय मांगवलं जेवाले?"

"मासोळी."

"समुद्राची?"

"हो."

"काटे पाहून खाय."

तिने फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"प्रेरणा, तो साहेब नंबर देऊन गेलता," मारोतराव सावकाश म्हणाले. "उद्या तुह्या आईले लावून मांगतो. म्हनतो, साहेब, आता आठवलं."

आणि ते थांबले. ते कशासाठी थांबले, हे तिला समजलं. पत्र्याखालच्या पिवळ्या उजेडात बसून तिने मनाशी दुकानाचं शटर पाहिलं, त्यावर लावलेलं सरकारी कुलूप पाहिलं. सासू दारात उभी राहून काय बोलेल ते ऐकलं. शाळेच्या गणवेशातली आपली पोरगी तिला दिसली. तोंड उघडलं तर नको हा शब्द बाहेर पडेल, अशी तिला भीती वाटली. तिने ओठ मिटून घेतले.

बापाने पुरेसा वेळ वाट पाहिली.

"ठेवू मंग?" त्यांनी विचारलं.

"ठेवा."

बाईने ताट आणून ठेवलं. गरम भात, हळद-मिठात तळलेले दोन तुकडे, बाजूला लिंबाची फोड. प्रेरणाने फोन पालथा ठेवला आणि पहिला घास घेतला. खूप भूक लागली होती.

अर्धं ताट झालं, तेव्हा रस्त्यावरच्या अंधारातून अमर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. तो टेबलापाशी उभा राहिला. ती बसायला सांगेल, याची वाट पाहत.

"मी गेलोच नाही तिकडं," तो म्हणाला. "माहं नाव घेतलं त्याइनं. मी तवा गेटापाशी होतो. नाही गेलो."

प्रेरणाने वर पाहिलं. त्याचा चेहरा शाळेतून पळून आलेल्या मुलासारखा दिसत होता. थोडा भ्यालेला, थोडा खूश. आता ही आपल्याला काहीतरी चांगलं म्हणेल, असं त्याला वाटत होतं.

तिने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळून तिने आणखी एक ताट मागवलं. "आधी जेवून घ्या. बाबाचा फोन आलता, ते मंग सांगते."