झाडलेल्या चौकटी

पहिल्या खुंटीजवळच्या एक चौरस मीटरच्या चौकटीत पवन्या गवताचे नऊ बुंधे होते, कुसळीचे चौदा, मारवेलचे तीन. रानतुळशीचं एक रोप, तेही शेंड्याला खुडलेलं. मुंग्यांचं एक बीळ. शेळीच्या लेंड्या त्रेचाळीस, त्यांपैकी सहा ताज्या.

"काय वं पोरी, लेंड्या मोजून राह्यली का?"

मी वर पाहिलं. एक म्हातारी काठी टेकून उभी होती. डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला, मागे सात शेळ्या. एका शेळीने तोवर माझ्या वहीचा कोपरा चाखून पाहिला होता.

"पाहणी आहे, मावशी," मी म्हणाले.

"कायची?"

"सरकारी."

"सरकारले लेंड्या लागतेत व्हय?" ती हसली. समोरचे दोन दात नव्हते. "इचारलं असतं त मीच सांगतलं असतं. लय हायेत म्हनून."

मी हसले, 'त्रेचाळीस' असं म्हणत आकडा वहीत लिहिला आणि पुन्हा चौकटीत डोकं घातलं. आणखी दोन ठिकाणी नमुना म्हणून मोजायचं होतं आणि उंद्रीहून चिखलीची बस साडेचारला होती. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली, मग शेळ्यांना हाकत निघून गेली. मी काय मोजते आहे आणि का मोजते आहे, हे सांगायला तीन मिनिटं पुरली असती.

ती वीस नोव्हेंबरची गोष्ट, बोंडअळीच्या वर्षातली. चिखलीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी बुलडाण्याच्या एका पाहणी संस्थेत सहा महिन्यांच्या करारावर लागले होते. गावाची चोवीस हेक्टर ई-क्लास, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, एका कंपनीने कापसाच्या जिनिंगसाठी आणि गोदामासाठी मागितली होती. जमीन द्यायची की नाही हे ठरवण्याआधी तिथे काय उगवतं आणि गुरं खरोखर चरतात का, हे पाहून अहवाल द्यायचा होता. नकाशावर वीस ठिकाणं मी काढली, वीस खुंट्या मीच ठोकल्या आणि सहज सापडाव्यात म्हणून प्रत्येकीला नारिंगी कापड बांधलं. त्या दिवशी तीन ठिकाणी सरावाची मोजणी केली. लेंड्या त्रेचाळीस, अडतीस, एकोणपन्नास. खरी मोजणी बारा दिवसांनी होती.

दोन डिसेंबरला गावात उतरले तेव्हा कोतवाल भगवंतराव फाट्यावरच उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पाइपची चौकट घेतली, खांद्याला अडकवली.

"या मॅडमजी. सगळं टकाटक करून ठेवलं हाये. तानुबाईनं त कमालच केली."

"कोण तानुबाई?"

"शाळेवर झाडूवाली होती जी. बावीस वर्षं. साहेब येनार म्हनलं का तिले सांगाच लागत नाही."

मला तेव्हाही काही कळलं नाही. चढ चढून वर आलो आणि पहिली खुंटी दिसली.

गुडघाभर वाळलेल्या गवतात एक गोल टक्कल पडलं होतं. मधोमध खुंटी, तिच्यावर नारिंगी कापड, भोवती स्वच्छ मुरूम. त्यावर खराट्याचे फटकारे एकाआड एक, सारख्या अंतरावर उमटलेले. कडेला चुन्याची रेघ होती. मी टेप काढून व्यास मोजला. बरोबर सहा मीटर. दुसऱ्या खुंटीजवळ सहा मीटर. तिसऱ्या खुंटीजवळही तेवढाच.

तिसऱ्या खुंटीजवळ ती शेळ्यांवाली म्हातारी उभी होती. आज तिच्या अंगावर इस्त्रीची नऊवारी होती आणि हातात तुराट्यांचा खराटा. शेळ्या नव्हत्या.

"नमस्कार, मॅडम," ती म्हणाली. मागच्या वेळची 'पोरी' तिच्या तोंडून गेली होती. "त्या दिवशी मी वळखलं नाही तुमाले. काहीबाही बोलली. राग मानू नका."

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"हाव. चार दिवस लागले. शेळीची दोरी खुट्टीले बांधली अन् गोल फिरली, म्हंजे वाकडं व्हत नाही. शाळंत खोखोचं मैदान मीच आखत व्हती." तिने चुन्याच्या रेघेवर आलेलं वाळलेलं पान उचललं. "गवत खुरप्यानं काढलं. तुमी मागं घाण मोजून गेल्या ना, त्रेचाळीस का किती, मले लय लाज वाटली. म्हनलं, एवढी शिकेल पोरगी आली अन् आपल्या गावात तिले हेच मोजा लागलं."

भगवंतराव म्हणाले, "शेळ्याबी चार दिवस घरीच बांधेल होत्या जी. मीच सांगतलं. सरकारी जागेत शेळी दिसली त दंड होईन म्हनून."

"दंड कशाचा? ही चराईचीच जमीन आहे."

"असं कसं जी, काही सांगता येते का साहेब लोकाईचं?" ते हसले.

मी फोन घेऊन थोडी लांब गेले. रमाकांत सर माझे वरिष्ठ होते. त्यांना सगळं सांगितलं.

"चौकटीत काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, सर. झाडलंय."

"मग काहीच नाही असं लिही. आसमा, आपली पद्धत ठरलेली आहे. चौकटीत जे आहे त्याची नोंद. खुंट्या बदलायच्या तर पुन्हा आठ दिवस, पुन्हा परवानगी. आणि बारा दिवस आधी कापडं बांधायला तुला सांगितलं कोणी? खुणा लपवायच्या असतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

हे खरं होतं. मला शिकवलं होतं.

सरांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात 'शेरा' असतो. तिथे एक ओळ पुरली असती : पाहणीपूर्वी जागा झाडण्यात आली, नोंद ग्राह्य धरू नये. ती ओळ लिहिली असती तर पुढचा प्रश्न खुणांचा निघाला असता, आणि चूक माझी ठरली असती. मार्चमध्ये करार संपत होता. पण करारापेक्षाही, मला वाटतं, माझ्या पहिल्या अहवालाला डाग नको होता. मी वीस ठिकाणी चौकट ठेवली. वीस वेळा शून्य लिहिलं. नियमाप्रमाणे वरून सरळ खाली फोटो काढले, म्हणजे भोवतीचं गवत त्यांत येत नाही. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

तानुबाई शेवटच्या खुंटीपर्यंत सोबत चालली. वाटेत तिने आपणहून सांगितलं, आधी शेळ्या नऊ होत्या. ऑक्टोबरात दोघी शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरल्या. बोंडअळीपायी लोक तेव्हा चार-चार औषधं एकत्र करून फवारत होते. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेल्या.

"पहिले येचनी झाली का वावर मोकळं राहे," ती म्हणाली. "कोनीबी शेळ्या घाला, पाला खाऊ द्या. आता इखाचं भेव वाटते. धुऱ्याबांधावरबी तणनाशक मारतेत. बिनइखाचं गवत आता हेच." तिने काठीने सगळा माळ दाखवला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "किती भरलं मॅडम? मार्क?"

"शून्य लेंड्या," मी म्हणाले.

तिने खराटा काखेत धरला आणि दोन्ही हात जोडले.

तिच्या घरी मी चहा प्याले. कपाला कान नव्हता म्हणून तिने तो बशीत ठेवून, बशी दोन्ही हातांनी पुढे केली. भिंतीवर शाळेचं एक प्रमाणपत्र होतं, स्वच्छता पंधरवड्याचं. त्यावर नाव नव्हतं, नावाची जागा मोकळीच होती. "द्याच्या घाईत राह्यलं लिहाचं," ती म्हणाली. कुडाच्या आडोशाला सात शेळ्या तुरीच्या कुटारात तोंड घालून उभ्या होत्या आणि चार दिवसांच्या कोंडीने ओरडत होत्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर ग्रामसभा झाली. शंकानिरसनासाठी संस्थेने मला पाठवलं होतं. मैदान झाडलेलं होतं आणि झेंड्याच्या खांबाभोवती चुन्याचं वर्तुळ होतं. बायका डाव्या हाताला बसल्या होत्या. तानुबाई पहिल्या रांगेत होती.

ग्रामसेवकाने अहवालाचा सारांश वाचला. जमीन पडीक स्वरूपाची आहे. गवताचं आच्छादन नगण्य. वीसपैकी वीस ठिकाणी चराईच्या खुणा शून्य.

शेवटचा शब्द ऐकताच तानुबाई उठून उभी राहिली.

"बरोबर हाये," ती मोठ्याने म्हणाली. "एकबी लेंडी नोती. मीच झाडलं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. "घ्या! बुढीनं कंपनीले झाडून-पुसून देल्लं बे!" आणि मग सगळंच मैदान हसलं. भगवंतराव हसले नाहीत. ते खाली पाहून चपलेचा अंगठा चाचपत होते.

ग्रामसेवक हसणं थांबेपर्यंत थांबला. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, हे काय आहे? असं काही झालं होतं का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. तीसुद्धा पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून अभिमानच होता, कारण साक्ष द्यायला आता तिच्या बाजूने एक शिकलेलं माणूस उभं राहणार होतं.

मी म्हणाले, "नोंद चौकटीत जे दिसतं त्याचीच केली जाते."

"म्हणजे अहवाल बरोबर आहे?"

"पद्धतीप्रमाणे बरोबर आहे."

जमीन कंपनीला द्यायचा ठराव हात वर करून झाला. पुरुषांचे बरेच हात वर गेले. जिनिंगमध्ये पोरांना काम मिळेल असं त्यांना सांगितलं होतं. बायकांमधून चार-पाच हात गेले. तानुबाईचा हात मांडीवरच राहिला. शेजारची बाई तिच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि तानुबाई ऐकताना झेंड्याच्या खांबाकडे पाहत होती.

मी फाट्याकडे निघाले तेव्हा मागून हाक आली.

"मॅडम. थांबा जराकसं."

ती भरभर येत होती, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात खताची पांढरी थैली, तोंड सुतळीने शिवलेलं. जवळ येऊन तिने थैली माझ्या पायाशी ठेवली.

"त्या कागदात शेळ्या काऊन नाही?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुमी त पाह्यल्या होत्या. तुमची वही खाल्ली होती एकीनं."

"मावशी, तो कागद फक्त त्या वीस जागांचा आहे."

"हाव." तिने मान हलवली. "ते समजलं आता." मग म्हणाली, "मले पहिल्याच दिवशी सांगतलं असतं त मी झाडलं नसतं. मी सांगतलेलं आयकतो. बावीस वर्षं आयकलं."

मी मान खाली घातली. तिच्या चपलेच्या पट्ट्याला तार बांधलेली होती.

"शेळ्यांचं काय करणार?"

"पाच इकाव्या लागतीन. दोन राहतीन दारात." तिने काठीने थैलीला टोचलं. "हे घेऊन जा. तुमच्या निशानाजवळचं हाये, वीसच्या वीस ठिकानचं. आपल्या उकिरड्यात नाही टाकलं, शाळेच्या पडवीत ठेवलं. सरकारी जाग्यावरची वस्तू मी घरी नेत नाही. शाळंतला खडूचा तुकडाबी कधी नेला नाही, इचारा कोनालेबी."

बस आली. थैली तिनेच उचलून पायरीवर ठेवली आणि कंडक्टरला म्हणाली, "मॅडमची हाये. नीट ठेवजा."

चिखलीला अब्बांचं मसाल्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी मागच्या अंगणात थैली उसवली, काडी-कचरा वेचला, मिरचीपुडीच्या जुन्या चाळणीने माती चाळून काढली. मग दुकानातला काटा आणला. अब्बा, अब्दुल गनी, दारात येऊन उभे राहिले.

"ये क्या तोल री बेटा?"

"मेरा काम है, अब्बा."

त्यांनी थैलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काट्याखाली घालायला एक जुना कागद आणून दिला.

चाळलेल्या लेंड्या सहा किलो आठशे ग्रॅम. शंभर लेंड्यांचं वजन तीन वेळा केलं, तिन्ही वेळा अठ्ठावीस ग्रॅम. एकूण लेंड्या चोवीस हजार दोनशे शहाऐंशी. झाडलेली जागा, सहा मीटर व्यासाची वीस वर्तुळं, पाचशे पासष्ट चौरस मीटर. दर चौरस मीटरला त्रेचाळीस.