मामाने सुचवलेला कोर्स

साल चौऱ्याऐंशी. रंजना दहावी पास झाली आणि तिचा मामा सावळीराम सातपूरहून घोटीला येऊन सांगून गेला, "पोरीला आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक करा. कारखान्यातले दाब-तापमान मोजणारे मीटर दुरुस्त करील."

तेव्हापासून तिच्या बापाला, गोरक्षला चैन पडेना. मामाचा स्वतःचा मुलगा तर वायरमन होत होता. मग हे न ऐकलेलं काम आपल्याच पोरीच्या गळ्यात का?

शेवटी सातपूर गाठून त्याने तोंडावरच विचारलं, "एवढं चांगलं हाय, तर तुझ्या पोराला का नाय घातलं?"

सावळीरामची मान खाली गेली. "लय खटपट केली, दाजी. गणितात मार्क कमी पडले त्याचे."

गोरक्ष ओशाळला. मग हळूच म्हणाला, "रंजीला घेतील?"