कायमची पिन

"मी येईपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही," वहिनीनं नवऱ्याला सकाळीच दम भरला. ती दोन दिवसांसाठी बहिणीकडं निघाली होती. कुंपणाअलीकडं उभ्या उभ्या मी ओळखलं, की याचे हात शिवशिवायला लागलेत.

हा माझा शेजारी. गाव त्याला 'कायमचा' म्हणतं. गोठ्याच्या कडेला चार पत्रे ठोकून त्यानं कारखाना थाटलाय. तिथून वस्तू बाहेर पडली, की हात झटकून म्हणतो, "आता कायमचं झालं." बादलीची कडी तुटली, तर यानं सळईची अशी कडी बसवली की रिकामी बादली उचलताना कंबर धरावी लागते. न्हाणीच्या दाराला त्यानं केलेला कोयंडा तर असा घट्ट, की त्याची आई सकाळी आत गेली ती दुपारी पत्रा कापून बाहेर काढली. नाकापेक्षा मोती जड होतोय हे आम्ही त्याला सांगितलं नाही असं नाही, पण कानस चालू असली की त्याला ऐकू येत नाही.

वैरण कापायचं मशीन मात्र वहिनीचं. अकरा वर्षं तिनं चार म्हशींची वैरण कोयत्यानं ठोकळ्यावर तोडली. तळहाताला घट्टे पडले, खांदा धरला, तेव्हा कुठं ते मशीन घरात आलं. त्या दिवशी तिला दुपारची झोपलेली मी पहिल्यांदा पाहिलं.

मशीनच्या चाकात बोटाएवढी पिन असते. वैरणीतून दगड नाहीतर लोखंड आत गेलं, की ती मोडते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. वहिनीनं गोठ्याच्या खांबाला अशा पिनांचा डबाच टांगला होता. मोडली की नवी घालायची, दोन मिनिटांचं काम. नेमकं हेच त्याला खुपत होतं.

"महिन्याला दोन-दोन पिना मोडतात," तो म्हणाला. "घरात मिस्त्री असून ही लाज आहे."

"पिन मोडते म्हणून मशीन राहतं. दुकानदारानं सांगितलंय, ती मऊच असते."

"मऊ ठेवल्याशिवाय त्याचं दुकान कसं चालेल? तुला यातलं कळत नाही."

"मला वैरण कळते, तेवढं पुरे आहे," असं म्हणून ती गेली.

ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत भट्टी पेटली. ट्रॅक्टरचा जुना दांडा कापला, लाल केला, तेलात विझवला, दोन दिवस घासला. म्हशी दावणीला हंबरत होत्या. शेवटी मीच चार भारे टाकले. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मऊ पिनांचा डबा भंगारात गेला.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली आणि तिनं आधी खांबाकडं पाहिलं. "डबा कुठाय?"

"आता लागायचा नाही. कायमचं केलंय."

ती काही बोलणार, तेवढ्यात म्हशी पुन्हा ओरडल्या. धारांची वेळ झाली होती. तिनं पदर खोचला, मशीन सुरू केलं आणि ढिगातली एक पेंढी आत सरकवली. त्या पेंढीत याचाच पाना होता. पिन बसवताना त्यानं तो वैरणीवर ठेवला आणि विसरला.

असा आवाज झाला की माझ्या हातातला पेला पडला. चाकाचे दाते अंगणभर उडाले, पात्याचे दोन तुकडे झाले. वहिनीचा हात वीतभर मागं होता म्हणून वाचला. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कायमचा धावत आला. बायकोकडं नाही, थेट चाकाकडं. खाली बसून त्यानं पिन ठोकून बाहेर काढली, धोतराला पुसली आणि वर धरली.

"बघ. एक ओरखडा नाही."

पडलो तरी नाक वर, ते हे. मला त्याचा असा संताप आला, की कुंपण ओलांडायला मी पाय उचललाच होता.

पण वहिनी ओरडली नाही. माळ्यावरचा कोयता आणि ठोकळा तिनं खाली काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. "याला पिन नसते. बसा."

नवं चाक यायला दीड महिना लागला. चार म्हशींची वैरण रोज तो तोडत होता. पाचव्या दिवशी फोड आलेले हात दाखवत मला म्हणाला, "या कोयत्याची मूठच चुकीची आहे. एक जरा दणकट..."

"मुठीला हात लावायचा नाही," गोठ्यातून आवाज आला. तो निमूट तोडायला लागला.

चाक आलं, ते वहिनीनं स्वतः बसवलं, मऊ पिनेसकट. ती कठीण पिन तिनं खांबात ठोकली आणि तिच्यावर मऊ पिनांचा नवा डबा टांगला. कोणी पाहुणा आला, की तो अजूनही त्याला खांबापाशी नेतो.

"तीन वर्षं झाली. वाकलीसुद्धा नाही."

"वाकेल कशाला," वहिनी शेण भरता भरता म्हणते, "डबा धरण्यापलीकडं तिला कामच काय आहे?"