विस्तवावरचं थंड कपाट

'विसाव्या शतकातील मानवाने उन्हाळ्यावर विजय मिळवला आहे!' अशी घोषणा चोपन्न सालच्या चैत्रात वाशीमच्या जानरावांच्या दुकानावर रंगवली गेली. म्हणजे 'उन्हाळ्यावर विजय मि' इथपर्यंत रंगवली गेली. तेवढ्यात दुपार झाली, लोखंडी शिडीनं पेंटरचे तळपाय पोळले, आणि राहिलेला विजय ऊन उतरल्यावर लिहितो असं सांगून तो घरी गेला. घरी त्याला ऊन लागल्याचं निघालं. तो तळपायांना कांद्याचा रस चोळत पडून राहिला, आणि मानवाचा विजय कुठवर येऊन थांबला आहे हे वाशीमकरांना बरेच दिवस येता-जाता वाचायला मिळालं.

जानरावांचं दुकान तसं पाहिलं तर विस्तवाचं. स्टोव्ह, शेगड्या, कंदील, गॅसबत्त्या, वाती, काचा. गारव्याचा माल एकच, वाळ्याच्या ताट्या. उन्हाळ्यात जानराव आपल्याच दुकानाच्या दारात एक ताटी टांगून तिच्यावर पाणी मारत. तो गारवा पाहून गिऱ्हाईक ताटी विकत घेईल असा त्यांचा हिशेब होता. गिऱ्हाईक येई, ताटीच्या आतल्या अंगाला बसे, सुपारी कातरे, डुलकी काढी, आणि ऊन कललं की 'लय थंड हाये बुवा तुमची ताटी' असं सर्टिफिकेट देऊन आपल्या घरी जाई.

आत पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर लोड, लोडाला जानराव. आणि गादीच्या खाली, उंबऱ्यापाशी, एका पाटावर त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रभान. अमरावतीहून मॅट्रिक होऊन आला त्या दिवशी वडिलांनी त्याला पाटावर बसवलं, हातात स्टोव्हची पिन दिली आणि तालुक्यातले तुंबलेले स्टोव्ह त्याच्या पुढ्यात मांडले. तो आता तिशीला टेकला होता. स्टोव्हच्या तोटीत पिन घालायची, काजळी काढायची, फुंकर मारायची. गावात त्याला कुणी इंद्रभान म्हणत नसे, पिनवाला म्हणत. त्याची बायको विजयमाला म्हणायची, माहेरी विचारतात जावई काय करतात, तर मी सांगते दुकानात बसतात. दुकानात कुठं बसतात हे कुणी विचारू नये, एवढंच मी बालाजीला मागते.

अशा माणसानं अकोल्याच्या एजंटाकडून एक थंड कपाट आणलं आणि दुकानावर ती विजयाची घोषणा रंगवायला दिली. छातीइतकं उंच, पांढरं, पितळी मुठीचं. वाशीमला विजेचे खांब येऊन पडले होते, वीज यायची होती. पण या कपाटाला वीज लागतच नसे. खाली रॉकेलची टाकी, तिच्यात वात, वातीवर काच. खाली दिवा लावायचा आणि वर बर्फ व्हायचा.

जानरावांनी कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घातली. वाकून दिवा पाहिला, वर हात घालून गारवा पाहिला, आणि पुन्हा वाकून दिवा पाहिला.

"खाली इस्तो लावला का वर बरफ होते," ते म्हणाले. "मंग सैपाक कराचा अशीन तं खाली बरफ ठेवाचा काय रे?"

इंद्रभाननं त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. वायू कसा तापतो, कसा धावतो, कसा निवतो. वडिलांना झोप लागेपर्यंत सांगितलं. जागे झाल्यावर जानरावांनी दुकानात बसलेल्या मंडळींदेखत आपला निकाल दिला.

"आखजीपावतर इकून दाखव. इकलं तं गादी तुही, मी उठतो. नाई इकलं तं कपाट अकोल्याले वापस, अन् तू आपला पाटावर."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे वाडवडिलांच्या नावानं कोरी घागर भरतात. जिवंतपणी ज्यांना घरात कुणी पाण्याला विचारलं नसेल, त्यांनाही त्या दिवशी गार पाणी मिळतं.

कपाट पाहायला लोक आले. ते आले, त्यांनी दार उघडलं, तोंड आत घातलं, 'आहाहा' केलं आणि ते ताटीमागे जाऊन बसले. गोपीचंद कापडवाले रोज जेवण झालं की येऊन डोकं आत घालून उभे राहत. बाहेरून नुसतं धोतर दिसे. एकदा त्यांना तशीच झोप लागली. इंद्रभान प्रत्येकाला सांगे, दार लावा, गारवा जातो. लोक म्हणत, अरे जाऊ दे ना, जाऊन जाऊन कुठं जाईल, आपल्याच दुकानात राहील. आखजी चार दिवसांवर आली आणि जानराव लोडाला टेकून, कुणाला उद्देशून नाही असं, तालुक्यात स्टोव्ह फार तुंबले आहेत असं बोलू लागले.

तेव्हा अनसिंगचे उकंडराव गॅसबत्तीची जाळी घ्यायला आले. मोठे शेतकरी, विहिरी, बैल, माणसं. त्यांनी कपाट पाहिलं, इतरांसारखं तोंड आत घातलं, पण बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

त्याला कारण होतं. उकंडरावांचे वडील, थोरले पाटील, जन्मभर एकाच गोष्टीसाठी भांडले. पाणी. घरी, शेतात, सोयऱ्यांच्या लग्नात, तांब्या तोंडाला लावायचा, एक घोट घ्यायचा आणि तांब्या खाली आपटून म्हणायचं, कोमट हाये. रांजण बदलले, माठ बदलले, विहीर बदलली. शेवटच्या घटकेला उकंडरावांनी त्यांच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं, तेव्हा पाटलांनी डोळे उघडले, 'कोमट हाये' म्हणाले आणि गेले.

"या आखजीले त्याईले असं पानी पाजतो का वरतून आशीर्वाद आला पायजे," उकंडराव म्हणाले. "घागर या कपाटात ठेवू. थंड झालं तं कपाट माह्यं. नाई झालं तं तुमी घेऊन जाजा."

सौदा ठरला. इंद्रभाननं विजयमालेला ही बातमी अशी सांगितली की जणू गादीच बैलगाडीत चढते आहे. तिनं विचारलं, गादीबरोबर लोडही मिळणार की तो मामंजी घेऊन जातील?

कपाट आडवं निजवायचं नाही असा एजंटाचा दंडक होता. त्यामुळे अनसिंगपर्यंत ते सोमला गाडीवानाच्या बैलगाडीत उभंच गेलं, आणि ते पडू नये म्हणून इंद्रभान त्याला मिठी मारून उभा राहिला. बंजाऱ्यांच्या तांड्याशेजारून गाडी जाताना बायांनी ही कोणती देवी म्हणून विचारलं. सोमला म्हणाला, थंडी देवी, नवसाला पावते की नाही ते आखजीला कळेल. एका म्हातारीनं गाडी थांबवून कपाटाला कुंकू लावलं. थोडं इंद्रभानलाही लागलं.

आखजीच्या आदल्या दिवशी माजघरात कपाट उभं राहिलं. आतल्या फळ्या काढल्या तेव्हा कोरी घागर मावली. इंद्रभाननं वात कापली, निळी ज्योत साधली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसला. अख्खं अनसिंग पाहायला आलं, पण त्यानं कुणाला मुठीला हात लावू दिला नाही. उकंडरावांच्या आई, रुख्मिणीबाई, समोर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, दार असंच बंद राहणार का? इंद्रभान म्हणाला, आजी, बंद दारातच सगळी करामत आहे. त्यांनी माळ पुढे ओढली.

सकाळी त्यानं दार बोटभर उघडून घागरीला हात लावला. घागर अशी गार की हात चटकन मागे आला. तो मनातल्या मनात गादीवर बसला. दार लावलं, ज्योत पाहिली आणि आता काळजी नाही म्हणून विहिरीवर अंघोळीला गेला. तिथं त्याला लोकांनी शास्त्र विचारलं. वायू कसा तापतो, कसा धावतो, कसा निवतो. अनसिंगचे लोक वडिलांसारखे झोपणारे नव्हते. परतायला जेवणाची वेळ झाली.

माजघराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ त्याच्या अंगावर आली. आत बायका पदरानं वारा घेत होत्या. पूजा सांगायला आलेले गुरुजी उघड्या अंगानं निथळत होते. आणि कपाटाचं दार चांगलं सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून त्याला पाटा टेकवला होता. खाली दिवा इमानानं जळत होता. आतला गारवा केव्हाच उडाला होता आणि दिव्याचा सगळा ताव माजघरात भरला होता.

"दार कोनं उघडलं?" इंद्रभाननं विचारलं. त्याचा आवाज पाटावरचा होता.

"म्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"काहून, आजी?"

"आज ते येतीन ना घागरीवर. आखजीले आमच्या घरी कोनतंच दार लावत नाई. घराचं नाई, गोठ्याचं नाई, कोठीचं नाई. मंग घागरीचं कसं लावाचं? मानूस दारातून वापस गेला तं?"

एजंटानं दिलेल्या इंग्रजी माहितीपत्रकात दार कुणासाठी उघडू नये याची पुष्कळ चर्चा होती. त्यात वाडवडिलांचा उल्लेख नव्हता.

इंद्रभान भिंतीला टेकला. वाशीमचा रस्ता, उभं कपाट, मिठी, उंबरा, पाट आणि पिन हे सगळं त्याला ओळीनं दिसलं. उकंडरावांनी पूजा केली, घागरीला हळदकुंकू लावलं, तिच्यावर आंबा ठेवला, नमस्कार केला. मग वडिलांच्याच जुन्या तांब्यात पाणी घेऊन तो आईच्या हातात दिला. पहिला घोट तिचा होता.

रुख्मिणीबाईंनी घोट घेतला. क्षणभर तो तोंडातच ठेवला. मग गिळला आणि तांब्या खाली आपटला.

"कोमट हाये," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभाननं जमिनीकडे पाहिलं. आणि रुख्मिणीबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आले रे उकंडा. तुहा बाप आला. इतक्या वर्साच्या आखज्या झाल्या, मी ओसरीवर घागर ठेवतो, पानी कसं गारगार होते, अन् कोनी एक सबद बोलत नाई. थंड पान्यावर ते कायले येतीन? त्याईले भांडाले काई पायजे का नाई?"

उकंडरावांनी तांब्या उचलून घोट घेतला. पाणी कोमट होतं आणि त्याला रॉकेलचा किंचित वासही होता. वडील असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तांब्या आणखी जोरात आपटला, गुरुजींना दिला, गुरुजींनीही आपटला. इंद्रभानच्या हाती तांब्या आला तेव्हा त्याला पोचा आला होता.

"कपाट राहू दे," रुख्मिणीबाई मुलाला म्हणाल्या. "वापस नेऊ देजो नको."

इंद्रभाननं प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला की दार बंद ठेवलं तर पाणी थंड होतं. त्या म्हणाल्या, "मंग बंद कायले ठेवाचं?"

तो निघायच्या आतच घरातल्या सुनांनी कपाटाची परीक्षा केली होती. दार घट्ट बसतं, मांजराला उघडत नाही, मुंगीला फट नाही. दूध, लोणी आणि लाडवांचा डबा त्यात जाऊन बसला. दिव्यामुळे लोणी पातळ होईल म्हणून दिवा विझवला. काच चांगली होती, ती काढून कंदिलाला लावली. पाणी थंड न होताच कपाट उकंडरावांचं झालं. त्यांनी पैसे मोजले, आणि पुढच्या आखजीला दिवा पुन्हा लावायला ये, असं इंद्रभानला बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या दुकानात सगळी मंडळी ताटीमागे जमली होती. कपाट खपलं, असं इंद्रभाननं सांगितलं. जानरावांनी विचारलं, चालते काय? इंद्रभान म्हणाला, वापरून राह्यले. ते खरंच होतं. तिथून आलेला सोमला गाडीजवळ बैलांना पाणी दाखवत होता. त्याला एकाएकी खोकला आला.

जानराव शब्दाचे पक्के. ते उठले, गादी झटकली, लोड सरळ केला, नारळ फोडला आणि मुलाला हाताला धरून वर बसवलं. विजयमाला आतल्या दारात उभी होती. तिनं पदर सावरला आणि नवरा कुठं बसतो हे आता कुणी विचारलं तरी चालेल, अशा तोंडानं ती घरात गेली. बाहेर शिडी लागली होती; पेंटर बरा होऊन आला होता आणि 'ळवला आहे' लिहीत होता.

इंद्रभान लोडाला टेकला. त्यानं मंडळींना सांगितलं की हे कपाट म्हणजे नुसती सुरुवात आहे. खांब उभे राहू द्या, वीज येऊ द्या. मग घरोघरी पंखे फिरतील, कपड्यांना इस्त्री विजेवर होईल. मुंबईला तर भिंतीत बसवायचं यंत्र आलं आहे, ते अख्खी खोली गार करतं. तेही या दुकानात येईल. शिरपूरचे, जऊळक्याचे, अनसिंगचे लोक रांग लावतील. विस्तवाचा काळ गेला. वाशीमच्या इतिहासात आजचा दिवस...

जानराव एवढा वेळ आतल्या दारापाशी उभं राहून ऐकत होते. दाराआडून विजयमालेनं त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाट पुढे ओढला, उंबऱ्यापाशी बसले आणि दोन्ही हात जोडून गादीकडे पाहत म्हणाले,

"मालक, घरचा स्टोव तुंबला. चहा राह्यला. एक पिन द्या."