पिवळे रकाने

त्या दिवशी बाबा काकांवर चांगलेच उखडले होते. साबणाचा कारखाना तीन खोल्यांचा: एकीत तेलाची पिंपं, दुसरीत कढया, तिसरीत वड्या सुकवायच्या फळ्या आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. काकांनी हिशेबाच्या एक्सेल शीटमध्ये तेलाचं वजन मराठी आकड्यांत टाइप केलं होतं. शीटला ते आकडे वाटेचनात, आणि कॉस्टिक सोड्याच्या रकान्यात चुकीची खूण येऊन बसली. काकांनी ती खूण पुसायला जाऊन सूत्रच पुसून टाकलं.

"अरे शहाण्या, कॉस्टिक जास्त पडलं तर गिऱ्हाइकाची कातडी सोलून निघेल!"

"मग तुझ्या शीटला मराठी शिकव की, दादा. मास्तरीण घरातच आहे."

मास्तरीण म्हणजे बाबांची मुलगी. कॉलेजात भाषा शिकवायची आणि सुट्टीला इथे वड्या कापायला यायची. ती गालातल्या गालात हसली. बाबांनी सूत्र पुन्हा लिहिलं, सगळी सूत्रं दडवली आणि शीटला पासवर्ड ठोकला. "आता ब्रह्मदेव आला तरी हात लावू शकणार नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दुखवटा सरला तेव्हा नेहमीचं तेल मिळेनासं झालं होतं. नवं तेल आलं. तेल बदललं की कॉस्टिकचं प्रमाण बदलतं, आणि प्रत्येक तेलाचा हिशेब बाबांनी वर्षानुवर्षं तपासून त्या शीटमध्ये बसवलेला. काकांनी वजन भरायला पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं, तर शीटनं साफ नकार दिला. बाबांनी रागाच्या भरात रोज भरायचे पिवळे रकानेही कुलूपबंद केले होते.

"म्हणजे दादानं स्वतःलासुद्धा बाहेर काढलं होतं!" काका म्हणाले, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच काका-पुतणी दोघं पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर काकांनी डोळे पुसले. "अंदाजानं कॉस्टिक टाकायची माझी छाती नाही गं. संध्याकाळी कढया न्यायला माणूस बोलावलाय. कारखाना बंद करू."

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग मला बसू द्या."

जन्मतारखा झाल्या, आईचं नाव झालं, साबणाचं नाव झालं. पासवर्ड काही लागेना. मग तिच्या ध्यानात आलं: फाइल उघडताना कुणी काही विचारत नाही, आत गेल्यावरच हात धरला जातो. जे वाचता येतं ते लपलेलं नाही. म्हणजे मनाई आतच कुठेतरी लिहिलेली असणार, आणि लिहिलेलं खोडता येतं.

तिनं फाइलची प्रत काढली, मूळ फाइल बाजूला ठेवली. प्रतीच्या नावाची शेपटी बदलून 'झिप' केली. फाइल गाठोड्यासारखी सुटली. आत छोट्या छोट्या फाइली निघाल्या. त्यांतली शीटची फाइल तिनं साध्या मजकुरासारखी उघडली आणि प्रुफं तपासावीत तशी ओळीओळीनं वाचत गेली. सापडलं! या शीटला संरक्षण आहे, अशा अर्थाचं एकच वाक्य, पुढे अगम्य अक्षरांची माळ. तिनं ते तेवढंच खोडलं, गाठोडं बांधलं, जुनी शेपटी लावली.

पिवळ्या रकान्यात तिनं आधी जुन्या तेलाचं वजन भरलं. कॉस्टिकचा आकडा आला. तो मागच्या घाण्यात टाकलेल्या कॉस्टिकशी तंतोतंत जुळला.

"काका! कढई चढवा!"

"खरंच?" काका धावतच आले. "अगं, तू तर दादाच्या डोक्यात शिरलीस!"

"मराठी आकडे मात्र टाकायचे नाहीत हं."

"टोमणे मारायलाही त्याच्याकडूनच शिकलीस!"

नव्या तेलाचं वजन तिनं भरलं. कॉस्टिक काकांनी मोजलं, पण पाण्यात तिनं सोडलं. साबण शिजून दाट झाला. काकांनी चिमूटभर गार केला, जिभेच्या टोकाला लावला. कॉस्टिक जास्त झालं असतं तर जीभ चरचरली असती. ती श्वास रोखून बघत राहिली.

काकांनी डोळे मिटले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "लोण्यासारखा!"

तेवढ्यात माणूस टेम्पो घेऊन दारात आला. "कढया कुठल्या न्यायच्या?"

काका तिच्याकडे बघू लागले. बाबांना सांगायचं म्हणून तिनं एक वाक्य किती वर्षं जिभेवर घोळवलं होतं, आणि प्रत्येक वेळी कॉलेजच्या नोकरीचा विचार करून गिळलं होतं. आता तिनं ते अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हटलं.

"बाबा, मला साबणच बनवायचाय. मी कॉलेज सोडतेय."